शिरूरच्या बंदुकांचा जन्मदाखला

31 डिसेंबर 1817 च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या छावणीतून पुण्याकडं निघाली आणि सकाळी कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. या लढाईवर ढिगानं लिहिलं गेलंय. शिपायांच्या खांद्यावरच्या बंदुकांवर मात्र फारसं नाही. कंपनीच्या पायदळाकडं तेव्हा चकमकीची, ठासणीची बंदूक असे. नळी 39 इंच, तोंड पाऊण इंच. हा नमुना कंपनीनं आपल्या फौजेसाठी करवून घेतलेला. 1793 मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपलं, हत्यारं कमी पडली, तेव्हा ब्रिटिश सरकारनं कंपनीचाच साठा विकत घेतला.

मग ही बंदूक घडवली कुणी? घोड्याशेजारच्या पट्टीवर बार्नेट, विल्सन, नॉक अशी नावं सापडतात, पण ती ठेकेदारांची. नळी एकाची, घोडा-चाप दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा. त्यात दुरुस्तीत भाग बदलत, म्हणजे एकाच बंदुकीला दोन-तीन वयं! पट्टीवर बदामाच्या आकारात कंपनीची अक्षरं असतील, तर ती साधारण 1808 च्या आधीची. मागच्या पायांवर उभा सिंह असेल, तर नंतरची. नळीवर मुकुटाखाली गुंफलेली ‘जीपी’ अक्षरं म्हणजे जादा दारू भरून बार काढला, तरी नळी फुटली नाही याची लंडनच्या बंदूककार संघानं दिलेली ग्वाही.

शिक्के खोटेही मारता येतात. धातूला मात्र खोटं बोलणं जमत नाही. तेव्हा लोखंडाची तापलेली पट्टी सळईभोवती वळवून, कडा ठोकून नळी सांधत. या घडीव लोखंडात मळीचे बारीक धागे राहतात; सूक्ष्मदर्शकाखाली ते लांबीच्या दिशेनं ओढलेले दिसतात. 1856 नंतर आलेल्या बेसेमर पद्धतीच्या पोलादात हे धागे नसतात, उलट मुद्दाम घातलेलं मँगेनीज असतं. नळीवर क्ष-किरण सोडले की मँगेनीजचे अणू आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतात. हातात मावणारं यंत्र ते टिपतं, ओरखडाही न काढता. ‘1800 ची’ म्हणून विकायला आलेली नळी इथं उघडी पडते.

शिरूर-दौंडकडच्या एखाद्या वाड्यात अशी बंदूक निघाली, तर पॉलिश पेपर घेऊन बसू नये. गंजाबरोबर शिक्केही जातात, मग वाचायचं काय? आणि चाप तर मुळीच ओढू नये. नळीत उरलेली काळी दारू कोरडी राहिली, तर दोनशे वर्षांनीही पेटते.