ठिणगी वाटेत कोठे हरवते?

पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप गाडी पावसाळ्यात कधी कधी मोठी चमत्कारिक वागते. डहाणू रोडच्या बाजूला अशी एखादी गाडी अजून कोणी जपून वापरत असेल, तर त्याला विचारून पाहा. पहाटे मागे चिकूचे क्रेट भरून झालेले असतात, टाकीत पेट्रोल असते, स्टार्टर जोमाने फिरतो. पण इंजिन काही सुरू होत नाही. दुपारी ऊन पडले, की तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते! कोणी तिला हातही लावलेला नसतो. घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे. पण झाडावरून उतरवलेला चिकू त्यामुळे पिकायचा थांबत नाही. सकाळची खेप चुकली, की वाडीवाल्याचे नुकसान ठरलेलेच.

अशा वेळी दोष पुष्कळदा बॉनेटखालच्या हातभर लांबीच्या चार-पाच वायरींत असतो. स्पार्क प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या या वायरी कशा निवडाव्यात, कशा बदलाव्यात आणि त्यामागचे विज्ञान काय, हे आज आपण पाहू.

बाराचे बारा हजार

पेट्रोल इंजिनात दट्ट्या पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबतो आणि नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडून ते मिश्रण पेटते. प्लगच्या दोन टोकांमधली फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. एवढीशी फट ओलांडायला विजेला कष्ट ते काय, असे तुम्हाला वाटेल. पण हवा ही उत्तम विद्युतरोधक आहे. उघड्या हवेत एक मिलिमीटर अंतर तोडायला सुमारे ३,००० व्होल्ट दाब लागतो. सिलिंडरमध्ये तर मिश्रण दाबलेले असते. रेणू दाटीवाटीने जवळ आल्यामुळे इलेक्ट्रॉनांना वेग घ्यायला मोकळी जागाच मिळत नाही. म्हणून तेथे १० ते १५ हजार व्होल्ट लागू शकतात. बॅटरी मात्र असते १२ व्होल्टची!

ही किमया कॉइल करते. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने विद्युतप्रवर्तनाचा शोध लावला. कॉइलमध्ये एक थोड्या वेढ्यांचे व दुसरे हजारो वेढ्यांचे अशी दोन वेटोळी असतात. पहिल्यातला प्रवाह एकाएकी तोडला, की दुसऱ्यात क्षणभर फार मोठा दाब निर्माण होतो. बॅटरी, कॉइल आणि प्रवाह तोडणारे पॉइंट यांची मोटारीसाठी सोयीची जुळणी १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने केली. जुन्या गाड्यांत हा दाब एका जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरकडे येतो आणि तेथून आळीपाळीने एकेका प्लगकडे जातो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात.

स्टेशनवरची तार आणि गाडीतली वायर

डहाणू रोड स्टेशनच्या फलाटावरून दूरूनच रुळांवरच्या तारेकडे पाहा. तिच्यात २५,००० व्होल्ट असतात, म्हणजे आपल्या वायरीतल्या दाबाच्या दुपटीच्या आसपास. ही तार ज्या रोधकांवर टांगलेली असते, त्यांना थाळ्या एकावर एक रचाव्यात तशा कडा असतात. त्या कशासाठी? वीज रोधकाच्या पोटातून जाऊ शकली नाही, तरी त्याच्या ओल्या, मळकट पृष्ठभागावरून सरपटत जाऊ शकते. कडांमुळे ही सरपटण्याची वाट लांब होते. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही पुष्कळदा बारीक वळ्या असतात. त्यांचे कारणही हेच.

आता गाडीतली वायर पाहा. ती इंजिनाच्या लोखंडापासून बोटभर अंतरावरून जाते. मधल्या धाग्याच्या मानाने तिच्यावरचे आवरण पुष्कळ जाड असते, ते उगीच नव्हे. समुद्रकाठी या आवरणावर मिठाचा सूक्ष्म थर बसतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळते. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्तच असते. खारे पाणी हे तर चांगले वाहक! जुन्या आवरणाला भेगा असतील, तर वीज प्लगपर्यंत न जाता या ओल्या पापुद्र्यावरून इंजिनाच्या लोखंडात उतरते.

थोडे गणित करू. समजा, या पापुद्र्याचा रोध दहा लाख ओहम आहे. ओहमच्या नियमाने १२,००० व्होल्टला त्यातून ०.०१२ अँपिअर प्रवाह गळेल. हा आकडा किरकोळ दिसतो. पण जुनी कॉइल मुळात देतेच जेमतेम ०.०५ अँपिअर. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा वाटेतच गेला! दाब चढायच्या आत ओसरतो आणि ठिणगी पडत नाही. उन्हाने पापुद्रा वाळला, की गळती थांबते. दुपारी गाडी सुरू होण्याचे रहस्य ते हेच.

चढावर का अडखळते?

काही गाड्या डहाणूपासून चारोटी नाक्यापर्यंत बिनतक्रार जातात आणि कासा ओलांडून जव्हारच्या चढाला लागल्या, की ‘मिस’ मारू लागतात. चढावर आपण अॅक्सिलरेटर दाबतो, सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण येते, त्याचा दाब वाढतो आणि ठिणगीला आणखी व्होल्ट लागतात. सपाटीवर कशीबशी टिकणारी वायर येथे हार खाते. म्हणूनच प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून ठिणगी पाहिली, तर तेवढ्यावर वायर चांगली असे म्हणता येत नाही. बाहेरच्या मोकळ्या हवेतली परीक्षा फार सोपी असते!

आवरण खराब होते कसे? इंजिनाची उष्णता आणि तेल ही दोन कारणे. तिसरे कारण गमतीचे आहे. उच्च दाबाच्या वायरीभोवतीच्या हवेत बारीक विद्युतस्राव होऊन ओझोन वायू तयार होतो आणि तो नैसर्गिक रबराला चिरा पाडतो. अशी वायर काळोखात निळसर चमकताना दिसू शकते.

वायर कोणती घ्यावी?

तांबे उत्तम वाहक, तेव्हा तांब्याची वायर सर्वांत चांगली, असे उत्तर तुम्ही द्याल. पूर्वी ती वापरतही असत. पण १८८७-८८ मध्ये हाइनरिख हर्ट्झने ठिणगीच्या साहाय्यानेच रेडिओलहरी निर्माण केल्या होत्या, हे आठवा. प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटे प्रक्षेपण केंद्र आणि तांब्याची वायर ही त्याची एरियल! त्यामुळे रेडिओत खरखर येते आणि गाडीत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असल्यास तिचाही गोंधळ उडू शकतो. म्हणून कार्बन भरलेल्या धाग्याची वायर निघाली. तिचा रोध मीटरला साधारण दहा-वीस हजार ओहम असतो.

एवढा रोध मुद्दाम घातल्यावर ठिणगी दुबळी होणार नाही का? पुन्हा गणित करा. ठिणगी पडेपर्यंत वायरीतून प्रवाह जवळजवळ नसतोच, म्हणून दाबही घटत नाही. ठिणगी पडल्यावर अर्ध्या मीटरच्या, ५,००० ओहमच्या वायरीतून ०.०५ अँपिअर गेला, तर २५० व्होल्ट खर्ची पडतात. चांगली कॉइल तेवढे सहज सोसते. तेव्हा वायर निवडताना धातूपेक्षा आवरणाकडे अधिक लक्ष द्यावे. सिलिकोन रबराचे आवरण उष्णतेला आणि ओझोनला चांगले टिकते. किनाऱ्यावर तेच बरे. गाडी सीएनजीवर चालत असेल, तर व्होल्ट अधिक लागतात, म्हणून तेथे तडजोड नको. लांबी मूळ वायरीइतकीच असावी. मल्टिमीटरने मोजल्यावर एखाद्या वायरीचा रोध अफाट भरला, तर आतला धागा तुटला असे समजावे.

बदलताना

हे काम मोठ्या माणसाचे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. इंजिन बंद आणि थंड असले पाहिजे. चालू इंजिनाच्या या वायरींना कधीही हात लावू नये. जोराचा झटका बसतो. वायर ओढू नये; टोकाची रबरी टोपी धरून किंचित पिळून काढावी. एका वेळी एकच वायर बदलावी. सगळ्या एकदम काढल्या, की कोणती कोठली हे कळेनासे होते. विलिस जीपच्या घराण्यातील चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. महिंद्रच्या जुन्या पेट्रोल जीप याच घराण्यातल्या. या क्रमात तिसरा आणि चौथा हे शेजारी लागोपाठ पेटतात. म्हणून त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटवून, समांतर नेऊ नयेत. फॅरडेचे प्रवर्तन तेथेही आपले काम करते आणि भलत्याच प्लगला ठिणगी पडू शकते. सायलेन्सरच्या तापलेल्या नळापासून वायर दूर ठेवावी, टोपीत सिलिकोन ग्रीसचे बोट फिरवावे आणि दोन्ही टोके पक्की बसल्याची खात्री करावी. डिस्ट्रिब्युटरचे झाकणही कोरड्या फडक्याने पुसून त्यावर भेग नाही ना, ते पाहावे.

डिझेल गाडीत तुम्ही या वायरी शोधू लागलात, तर त्या सापडणार नाहीत. तेथे दाबलेली हवाच इतकी तापते, की डिझेल आपोआप पेटते. नव्या पेट्रोल गाड्यांत बहुधा प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. ठिणगीची वाटच अभियंत्यांनी तोडून आखूड केली आहे.

करून पाहा : काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एक साध्या पाण्यात आणि एक मिठाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवा. मल्टिमीटर सर्वांत मोठ्या ओहमवर लावून त्याची टोके एक सेंटिमीटर अंतरावर पट्टीवर टेकवा आणि आकडा लिहून ठेवा. मग पावसाळी दिवशी दोन्ही पट्ट्या रात्रभर खिडकीत ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. कोणत्या पट्टीचा आकडा बदलला?