दाराला लावलेली वीट : अग्निरोधक दारांची तपासणी आणि निगा

(यवतमाळ येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

आगीपासून बचाव म्हटलं की आपल्याला लाल सिलिंडर आठवतो, पाण्याचा बंब आठवतो. दार कुणाला आठवत नाही. आज फक्त दाराबद्दल बोलू या, आणि सुरुवात आपल्या विदर्भातल्याच घटनेपासून करू या.

९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. एकूण १७ बाळं होती. दहा दगावली, सात वाचली. तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी दिलेली माहिती अशी, की दहापैकी तीन बाळं भाजून गेली आणि सात धुरानं गुदमरून. जी सात वाचली, ती त्याच कक्षाच्या दुसऱ्या भागात होती.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, ज्वाळेच्या आधी धूर माणसापर्यंत पोहोचतो आणि धूरच जास्त जीव घेतो. दुसरी, पेटलेली खोली आणि शेजारची खोली यांच्यामध्ये काय आहे, यावर माणसं बाहेर काढायला किती मिनिटं मिळतील ते ठरतं.

ती मिनिटं मिळवून देण्यासाठी अग्निरोधक दार असतं. दवाखान्यात रुग्ण पळू शकत नाही. सलाईन लावलेल्या माणसाला तीन मजले जिन्यानं उतरवणं सोपं नाही. म्हणून आधी त्याला खाटेसकट त्याच मजल्यावर, दाराच्या पलीकडच्या सुरक्षित भागात न्यायचं असतं. पण पलीकडचा भाग सुरक्षित कधी? मधलं दार बंद असेल तेव्हाच.

हे दार साध्या दारासारखंच दिसतं. फरक असा, की झडप, चौकट, बिजागऱ्या, काच, लॅच आणि आपोआप बंद करणारा डोअर क्लोजर हे सगळं मिळून एक जोडणी म्हणून भट्टीत तपासलेलं असतं. ३० मिनिटं, ६० मिनिटं, १२० मिनिटं असे त्याचे दर्जे असतात. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सुटकेच्या वाटेवर, विशेषतः जिना आणि लिफ्टची लॉबी यांच्या तोंडाशी १२० मिनिटांचं दार सांगते. कडेच्या खाचेत एक पट्टी असते. ती उष्णतेनं फुगते आणि फट बुजवते. यातला एक भाग बदलला, बिजागरी काढून बाजारातली कुठलीही बसवली, की तो दर्जा संपला.

या दाराला एकदम दोन कामं करायची असतात. धुरासाठी बंद राहायचं आणि माणसासाठी किल्लीशिवाय उघडायचं. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला दोन्ही बाजूंनी घात झाला. तळमजल्यावर पेटलेल्या ट्रान्सफॉर्मरचा धूर जिन्यावाटे वर चढला आणि बाल्कनीची दारं बंद होती. ५९ जण गेले.

आता आपल्याकडे काय होतं? मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. कॉरिडॉरमध्ये हवा यावी म्हणून दाराला वीट लावतात. कुलरची वायर दारातून ओढतात, मग दार लागतच नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून दार घासतं, म्हणून कुणीतरी खालून रंधा मारतो. रात्री चोरीची भीती, म्हणून कडी-कोयंडा ठोकून कुलूप घालतात. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नाही. पण उघडं ठेवलेलं अग्निरोधक दार म्हणजे महागडी फळी, आणि कुलूप लावलेलं दार म्हणजे भिंत.

तपासणी अवघड नाही. महिन्यातून एकदा वॉर्डबॉय, वॉचमन, सोसायटीचा सेक्रेटरी, कुणीही करू शकतो.

१. दार पूर्ण उघडा आणि सोडून द्या. मग वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा ते हात न लावता बंद झालं पाहिजे आणि लॅच ‘खट्’ वाजली पाहिजे.

२. पलीकडे टॉर्च धरायला सांगा आणि इकडचा दिवा बंद करा. कडेनं उजेडाची पट्टी दिसली, तर तिथून धूरही येईल. कडेची आणि वरची फट साधारण ३ मिलिमीटरच्या आत हवी.

३. फुगणारी पट्टी सलग आहे का, तिच्यावर रंग तर मारला नाही ना, ते पाहा. दर्जाचं लेबलही रंगानं झाकू नका.

४. क्लोजरमधून तेल गळतंय का? बिजागरीचे सगळे स्क्रू आहेत का? काच तडकली आहे का?

५. आतून ढकलल्यावर दार एका हातानं, किल्लीशिवाय उघडतं का?

तारीख, दाराचा नंबर, दोष आणि दुरुस्तीचा दिवस वहीत लिहा. क्लोजरसारखा भाग बदलायचा तर त्याच दर्जाचा घ्या. दाराला भोक पाडायचं नाही.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. एजन्सीचा माणूस आला की त्याच्यासोबत फिरा आणि एकेक दार सोडून दाखवायला सांगा. सही कागदावर होते, पण धूर कागद वाचत नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न : स्ट्रेचर सारखी ये-जा करते. दर वेळी दार कसं उघडायचं?)

प्रश्न रास्त आहे, विटेचं खरं कारण तेच आहे. त्यावर उपाय म्हणजे विद्युतचुंबक. तो दार भिंतीशी उघडं धरून ठेवतो. धोक्याची घंटा वाजली किंवा वीज गेली, की चुंबक सुटतो आणि दार आपोआप लागतं. वर्दळीच्या दोन-तीन दारांना ते बसवा. बाकीच्यांची वीट आजच काढा, त्याला काही खर्च नाही.

(श्रोत्यांमधून : आणि चोरीचं काय?)

आतून ढकलायची आडवी दांडी, म्हणजे पॅनिक बार लावा. बाहेरून कुलूप राहतं, आतून मात्र नुसतं ढकललं की दार उघडतं. चोर बाहेर राहतो आणि आतला माणूस अडकत नाही.