दुसरी वाट

पुण्यात १९९६ साली मी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या कंपनीला अमेरिकेशी जोडणारी लीज लाइन ६४ केबीपीएसची होती. त्या एका लाइनवर चाळीसेक जणांचं काम चालायचं. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री तो ग्राहकाच्या मशीनवर चढवायचा. आमच्या गच्चीवरून एक रेडिओ लिंक सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या टॉवरकडे जायची आणि तिथून सगळं उपग्रहाकडे. भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर. सिग्नल वर जाऊन खाली यायचा, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यायचं. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा या फेरीला अर्धा सेकंद लागतो. की दाबल्यावर अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत हात पुढे गेलेला असायचा. दूरच्या मशीनवर टेलनेटने फाइल दुरुस्त करताना आम्ही नजरेपेक्षा बोटांवर जास्त विसंबायचो.

वळवाचं वारं सुटलं की गच्चीवरची अँटेना हलायची. मग एक जण वर, एक जण खाली मोडेमपाशी, आणि जिन्यात उभा राहून ओरडणारा तिसरा. ‘अजून जरा डावीकडे’, ‘थांब, गेली’, ‘आली, आली, तिथेच आवळ!’ लिंक बंद पडली की कामही बंद. दुसरी वाट नव्हतीच.

सुरक्षेचा विचार त्या काळी आमच्या मनातही येत नसे. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जायचा. लाइन आपली, दोन्ही टोकं आपली, मग मध्ये कोण बघणार, असा साधा हिशोब. धंद्याच्या नेटवर्कचा पाया त्या काळात याच समजुतीवर घातला गेला. ती मोडायला वीसेक वर्षं लागली. आज मागे वळून बघताना मला त्या वर्षांतला सगळ्यात मोठा बदल वेगातला वाटत नाही, या समजुतीतला वाटतो.

वेगातला बदल मात्र समुद्रातून आला, आणि समुद्राखालची तार मुंबईला नवी नव्हती. १८७० सालीच ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली होती आणि तिथून पुढे सुएझमार्गे संदेश इंग्लंडला पोचू लागले होते. काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, मात्र नव्वदीच्या दशकात आली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. १९९७ मध्ये फ्लॅग केबल सुरू झाली, १९९९ मध्ये सी-मी-वी-३, मग २००५ मध्ये सी-मी-वी-४. मधल्या काळात, १९९८ च्या नोव्हेंबरात, खासगी इंटरनेट कंपन्यांना दार उघडलं आणि २००२ च्या एप्रिलपासून परदेशी वाहतुकीवरची निगमची मक्तेदारी संपली. उपग्रहाच्या अर्ध्या सेकंदाच्या जागी अमेरिकेपर्यंतची फेरी दोन-अडीचशे मिलिसेकंदांवर आली. टेलनेटवर टाइप करताना अक्षर बोटाबरोबर उमटायला लागलं, तो दिवस मला अजून आठवतो. आम्ही एकमेकांना बोलावून बोलावून दाखवत होतो.

त्याच काळात एक गोष्ट नीट शिकायला मिळाली. एका ग्राहकाने लाइन २ एमबीपीएसवरून थेट ८ वर नेली, पैसे मोजले आणि आठवड्याने फोन केला: फाइल अजून रांगतच येते. लाइन तपासली, ती तर निम्म्याहून जास्त रिकामी. दोष दोन्ही टोकांच्या मशीनमध्ये होता. टीसीपी हा प्रोटोकॉल पोच मिळेपर्यंत ठरावीक माल पाठवून थांबतो आणि जुन्या बेतानुसार तो माल ६४ केबीएवढाच. फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर एका जोडणीतून सेकंदाला फार तर सव्वातीनशे केबी, म्हणजे २.६ एमबीपीएस. लाइन कितीही रुंद केली तरी त्याहून एक थेंब जास्त नाही. मशीनमधली ही मर्यादा, म्हणजे ‘विंडो’, वाढवली आणि अर्ध्या तासात काम झालं. लाइनची रुंदी विकत घेता येते. अंतर विकत घेता येत नाही, ते फक्त कमी करता येतं. फेरीच कमी करायची तर माल आणि गिऱ्हाईक एकमेकांजवळ आणणं हा एकच खरा उपाय, आणि पुढे क्लाउडवाल्यांनी मुंबई-पुण्यात इमारती बांधल्या त्या याच कारणाने.

पण त्याआधी २००८ आलं.

३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी-४ या दोन्ही केबल तुटल्या. दोन दिवसांनी दुबई आणि मस्कतच्या मधली फाल्कन केबलही तुटली; तिच्याजवळ पुढे सोडून दिलेला एक नांगर सापडला. भारताची पश्चिमेकडची निम्मी बँडविड्थ एका फटक्यात गेली. आमच्याकडे ग्राहकांच्या नावापुढे ‘प्रायमरी’ आणि ‘बॅकअप’ असे दोन रकाने होते. एकात फ्लॅग, दुसऱ्यात सी-मी-वी-४. कागदावर दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलं. समुद्राच्या तळाशी मात्र दोन्ही केबल त्याच चिंचोळ्या पट्ट्यातून गेलेल्या. त्या रात्री आम्ही जमेल तेवढी वाहतूक सिंगापूरकडे वळवली, पॅसिफिकवरून उलट्या दिशेने अमेरिकेला, आणि तिथून युरोपला. लंडनची फेरी तिप्पट लांबली, पण चालू राहिली. त्या आठवड्यात आम्ही नकाशे बघायला शिकलो. तोवर फक्त करार बघत होतो.

समुद्रात जे झालं तेच जमिनीवर दर महिन्याला होतं, आणि त्याची बातमी होत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब रात्र समुद्राने दिलेली नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला पाण्याच्या पाइपसाठी खोदणाऱ्या जेसीबीने ती दिली. एका ग्राहकाच्या दोन्ही लिंक एकाच सेकंदाला गेल्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोघांनीही ‘वेगळा मार्ग’ असं लिहून दिलेलं. ओटीडीआर लावला. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या झळाळीवरून तुटीचं अंतर सांगतं. एका टोकाकडून ४.३ किलोमीटर. दुसऱ्या कंपनीच्या माणसानेही त्याच्या टोकाकडून मोजलं. दोघे वेगवेगळ्या दिशांनी चालत आलो आणि एकाच खड्ड्याच्या काठावर भेटलो. खाली एकाच खंदकात दोन नळ्या, हातभर अंतरावर, दोन्ही उपटलेल्या.

स्प्लायसिंग करणारा पोरगा बावीस-तेवीसचा असेल. चिखलात ताडपत्री अंथरून, गाडीच्या दिव्यात तो बसला. केबल सोलली, जेली पुसली, एकेक फायबर रंगावरून ओळखून वेगळा केला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, ठरलेल्या क्रमाने. प्रत्येकाचं वरचं आवरण काढायचं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, क्लीव्हरने टोक काटकोनात कापायचं. केसासारखी काच ती, कापलेला तुकडा बोटात गेला तर दिसतही नाही, म्हणून तो प्रत्येक तुकडा चिकटपट्टीवर टिपून ठेवत होता. मग दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर. छोट्या पडद्यावर ती दोन खांबांसारखी दिसतात, हळूहळू एका रेषेत येतात, ठिणगी पडते आणि खांब एक होतात. पडद्यावर आकडा येतो: ०.०२ डीबी. आकडा वाढला की तो काहीही न बोलता जोड तोडायचा आणि पुन्हा लावायचा. अठ्ठेचाळीस जोड. पहाटे पाचला शेवटचा. मुंबईतल्या कुठल्याशा बँकेचा सकाळचा धंदा त्याच्या बोटांवर उभा होता, आणि तो चहा कुठे मिळेल ते विचारत होता.

क्लाउड हा शब्द आमच्याकडे रुळायला वेळ लागला. अमेझॉनने २००६ मध्ये भाड्याची मशीनं द्यायला सुरुवात केली. आशियातलं पहिलं केंद्र २०१० ला सिंगापूरमध्ये आलं. मुंबईहून तिथली फेरी साठेक मिलिसेकंदांची. वेबसाइटसाठी ठीक, पण हिशोबाचं सॉफ्टवेअर एका पानासाठी डेटाबेसला पन्नास वेळा हाक मारत असेल, तर प्रत्येक पानामागे तीन सेकंद गेले. २०१५ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रं उघडली, २०१६ च्या जूनमध्ये अमेझॉन मुंबईत आलं, पुढच्या वर्षी गूगल. साठाचे दोन-तीन झाले. २०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा सगळा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं आणि सहा महिन्यांची मुदत दिली. त्या सहा महिन्यांत आम्ही किती स्थलांतरं केली याची गणती नाही. ऐरोली, महापे, चांदिवली इथल्या इमारती त्यानंतर भराभर उठल्या.

त्या इमारतींच्या आतल्या जोडणीमागचा विचार टेलिफोन एक्स्चेंजमधून आला आहे. १९५३ साली बेल लॅब्सच्या चार्ल्स क्लॉसने दाखवलं होतं की एक प्रचंड स्विच बांधण्यापेक्षा अनेक लहान स्विच थरांनी जोडले, तर कुठूनही कुठेही जायला भरपूर वाटा मिळतात. आजची बहुतेक मोठी डेटा सेंटरं याच बेताने विणलेली असतात. खालचा प्रत्येक स्विच वरच्या प्रत्येक स्विचला जोडलेला. एक वरचा गेला तर वाहतूक उरलेल्यांवर पसरते, कुणाला कळतही नाही. इमारतीच्या आत हे साधतं, कारण आतली प्रत्येक तार एकाच मालकाची असते आणि ती कुठून जाते हे त्याला दिसतं. इमारतीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा रस्ता, पालिका आणि जेसीबी.

आता त्या जुन्या समजुतीकडे येतो. क्लाउडला खासगी लाइनने जोडायची सोय अमेझॉनने २०११ ला दिली, मायक्रोसॉफ्टने २०१४ ला. आमच्या ग्राहकांना वाटायचं, लाइन खासगी म्हणजे माल सुरक्षित. ऑक्टोबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने स्नोडेनच्या कागदांवरून छापलं की गूगल आणि याहूच्या डेटा सेंटरांमधल्या त्यांच्याच खासगी तारांवरून अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तहेर माल उचलत होते. माझ्या धंद्यातल्या माणसांसाठी तो मोठा धक्का होता. जगातल्या सगळ्यात जाणत्या कंपन्यांनी आपल्याच तारेवर भरवसा ठेवला होता, आम्ही गच्चीवरच्या लिंकवर ठेवायचो तसाच. त्यानंतर आपल्या तारेवरसुद्धा माल कुलूपबंद करूनच पाठवायचा, हा नियम झाला. २०१४ च्या अखेरीस गूगलने ‘बियाँडकॉर्प’ या नावाने आपली पद्धत जाहीर केली: कर्मचारी ऑफिसात बसलाय की घरी, याला काही किंमत नाही, प्रत्येक वेळी माणूस कोण, मशीन कोणतं आणि त्याला हे बघायचा अधिकार आहे का, एवढंच तपासायचं.

मला हे तेव्हा कागदी वाटलं होतं. ते खरं ठरवलं मार्च २०२० ने. टाळेबंदी लागली आणि चार दिवसांत हजारो माणसं घरून काम करू लागली. सगळ्यांची वाहतूक ऑफिसच्या फायरवॉलमधून नेऊन पुन्हा क्लाउडकडे पाठवणारी जुनी पद्धत पहिल्या सोमवारीच कोलमडली. ज्यांनी ओळखीची तपासणी प्रत्येक सॉफ्टवेअरपाशी नेली होती, त्यांचे लोक चिपळूणच्या माडीवरून घरच्या ब्रॉडबँडवर काम करत राहिले.

आणि इथे एक गोष्ट उलगडली, जी मला इतकी वर्षं दिसलीच नव्हती. दुसरी वाट महाग का पडायची? कारण तीही ‘आपली’ आणि भरवशाची असायला हवी होती. माल टोकापाशीच कुलूपबंद झाला आणि ओळख प्रत्येक दाराशी तपासली जाऊ लागली, तेव्हा मधल्या तारेवर भरवसा ठेवायची गरजच उरली नाही. मग दुसरी वाट कुणाचीही चालते: केबलवाल्याची, मोबाइलची, शेजारच्या इमारतीची. सुरक्षा घट्ट केली आणि तिनेच वाटा मोकळ्या केल्या. ज्या गिरणीला दोन लीज लाइन कधी परवडल्या नसत्या, तिच्याकडे आज तीन वाटा आहेत. कोणती कधी वापरायची ते पेटीएवढं यंत्र सेकंदासेकंदाला ठरवतं.

वाटा वेगळ्या आहेत की नाही, हे मात्र ते यंत्र सांगू शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा, आणि तिकडून जाणाऱ्या वाहतुकीला वळसा पडून क्लाउडची फेरी लांबली. इजिप्तची चिंचोळी पट्टी २००८ ला होती तिथेच आहे.

म्हणून मी आता नव्या ग्राहकाच्या कामाला केबलच्या मार्गाची केएमझेड फाइल मागवतो, दोन्ही कंपन्यांच्या रेषा नकाशावर एकावर एक ठेवतो आणि मग चालत जातो. गेल्या एप्रिलमध्ये महापेच्या एका कारखान्यासाठी असा निघालो. दोन रेषा दोन वेगळ्या रस्त्यांनी छान जात होत्या, चेंबरची झाकणंही वेगळी. पण वाटेत नाला लागला, आणि त्यावर पूल एकच. दोन्ही केबल पुलाच्या एकाच कठड्याला क्लॅम्प ठोकून बांधलेल्या. एका कंपनीने नाल्याखालून नवा मार्ग काढायचं कबूल केलं, अर्ज केला, पण तोवर मे संपत आला आणि पावसाळ्यात खोदाईला परवानगी मिळत नाही. मग कारखान्याच्या छतावर रेडिओ लिंकची अँटेना बसवली, जूनच्या पहिल्या आठवड्यात. वारा होता. मी खाली यंत्रापाशी उभा राहून आकडे वाचत होतो आणि वरचा पोरगा नट आवळत होता.