सत्तेच्या सीमा (भाग 7) : दिल्लीचा कायदा आणि बीडचा कोयता

दिवाळी सरली की धारूर, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. केंद्राची सत्ता किती असावी, हा प्रश्न आज या कोयत्याच्या वाटेवर तपासू.

उसाचा किमान दर दिल्ली ठरवते. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 नुसार केंद्र हा दर, म्हणजेच एफआरपी, जाहीर करते. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यासाठी ती क्विंटलमागे 355 रुपये आहे. शेतकऱ्याचे पैसे 14 दिवसांत द्यायचे आणि थकले तर वर्षाला 15 टक्के व्याज, हेही त्याच आदेशात आहे. तोच ऊस तोडणाऱ्यांचा दर मात्र साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारातून ठरतो. जानेवारी 2024 मधली 34 टक्के वाढ अशाच वाटाघाटींतून पदरात पडली.

आता हा कोयता कुठे जातो ते पाहा. तो बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीला गेला, तर तो आंतरराज्य स्थलांतरित कामगार ठरतो. आंतरराज्य स्थलांतर हा केंद्र सूचीतला 81 वा विषय. त्यावर संसदेने 1979 मध्ये कायदा केला, आणि 2020 च्या कामगार संहितेत तो सामावला गेला. मात्र तोच कोयता अलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला थांबला, तर या तरतुदी त्याला लागू होत नाहीत. मुकादम तोच, उचल तीच, पालाच्या कोपीतली थंडीही तीच. फक्त राज्याची हद्द ओलांडलेली नाही.

मग सगळंच दिल्लीकडे सोपवावं का? माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. जो प्रश्न राज्याची हद्द ओलांडतो, तिथे केंद्र बळकट हवं. रेशनचंच उदाहरण घ्या. बीडचं कार्ड कर्नाटकात चालावं, ही सोय एकटं महाराष्ट्र सरकार करू शकलं नसतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेने ती केली. हे केंद्राचं रास्त काम.

पण 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जे आलं, त्याचं उत्तर दिल्लीत नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्य सूचीतला विषय. खासगी रुग्णालयांवरची देखरेख, फडावरची तपासणी, गावातलं उपकेंद्र यांचा जाब आमदाराला, जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेला विचारता येतो. जाब विचारायची जागा जितकी लांब, तितका गरिबाचा आवाज क्षीण होतो.

म्हणून केंद्राच्या सत्तेला मर्यादा घालणं म्हणजे तिथून पुढचा माणूस वाऱ्यावर सोडणं नव्हे. जिथे दिल्लीचा अधिकार संपतो, तिथे मुंबईची जबाबदारी सुरू होते. कामगार कल्याण समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्राचे हात बांधलेले नाहीत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ हे त्या दिशेचं पाऊल आहे. पण महामंडळ म्हणजे कायदेशीर हक्क नव्हे. मुकादमाची नोंदणी, उचलीचा लेखी करार, अपघाताची भरपाई आणि बाळंतपणाची रजा देणारा स्वतंत्र कायदा विधिमंडळाने करायला हवा. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आलीच, तर घटनेच्या कलम 254 मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीची वाट ठेवलेली आहे.

राज्यांनी जास्त अधिकार मागावेत, जरूर मागावेत. पण हाती असलेले अधिकार आधी शिरोळच्या फडातल्या बाईसाठी वापरून दाखवावेत. ती मागणी मग कोणालाही सहज नाकारता येणार नाही.

(पुढील भागात : समवर्ती सूचीत केंद्र आणि राज्य भिडतात तेव्हा)