विश्लेषण : मुदतीआधी जन्मलेले बाळ उशिरा बोलते, तेव्हा किती वाट पाहायची?

पहिला वाढदिवस झाला, तरी बाळ अजून ‘आई’, ‘बाबा’ म्हणत नाही. शेजारचे त्याच महिन्यात जन्मलेले मूल मात्र हाका मारू लागले आहे. आई-बाबा काळजीत असतात आणि घरातील थोरले म्हणतात, ‘सातव्या महिन्यातले बाळ आहे, बोलेल सावकाश.’ यात तथ्य आहेच. पण या एका वाक्याच्या भरवशावर महत्त्वाचे महिने हातचे जाऊ शकतात.

मुदतपूर्व जन्म म्हणजे काय?

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म म्हणजे मुदतपूर्व जन्म. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली. म्हणजे साधारण दहामागे एक. त्यातील ३० लाखांहून अधिक भारतातील होती. ही संख्या जगात सर्वाधिक आहे.

वय कसे मोजायचे?

हिशेब सोपा आहे. पूर्ण मुदत ४० आठवड्यांची. बाळ २८व्या आठवड्यात जन्मले, तर ते १२ आठवडे, म्हणजे जवळपास तीन महिने आधी आले. त्यामुळे पहिल्या वाढदिवशी वाढीच्या हिशेबात त्याचे वय नऊ महिनेच धरायचे. यालाच डॉक्टर ‘करेक्टेड एज’ म्हणतात. नऊ महिन्यांच्या बाळाकडून ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी बडबड अपेक्षित असते, अर्थपूर्ण शब्द नव्हे. साधारण दोन वर्षांपर्यंत वय असे मोजतात. लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच करायचे.

बोलण्यावर परिणाम का होतो?

गर्भातील बाळाला साधारण २५व्या आठवड्याच्या सुमारास आवाज ऐकू येऊ लागतात. पोटात असताना त्याच्या कानावर सतत पडतो तो आईचा आवाज. लवकर जन्मलेल्या बाळाचे हेच आठवडे काचेच्या पेटीत, यंत्रांच्या गजरात जातात. शिवाय गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. तीही बाहेर पूर्ण करावी लागते.

यातील अनेक मुले पुढे बरोबरीला येतात. काहींना मात्र शाळेत लांब वाक्ये समजणे, घडलेली गोष्ट क्रमाने सांगणे अवघड जाते. जन्म जितका लवकर, तितकी ही शक्यता अधिक.

कानांच्या तपासणीला थांबावे का?

नाही. करेक्टेड एजची सवलत बोलण्याला आहे, कानांच्या तपासणीला नाही. तीव्र कावीळ, व्हेंटिलेटर आणि जीव वाचवण्यासाठी द्यावी लागणारी काही प्रतिजैविके यांमुळे ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. ज्याला ऐकूच येत नाही, ते मूल बोलणे शिकणार कसे?

पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची ‘बेरा’ चाचणी व्हायला हवी. बाळ झोपलेले असताना डोक्याला सेन्सर लावून आवाजाचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात का, हे त्यात पाहतात. दुखत काहीच नाही. ‘ओएई’ ही चाचणी कानाच्या आतील भाग तपासते. पण श्रवणनाडीतील दोष तिच्यातून निसटू शकतो.

जगभर १-३-६ हा नियम वापरतात : एका महिन्यापर्यंत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. काहींचे ऐकणे नंतर कमी होते. म्हणून पहिली चाचणी चांगली आली, तरी पुन्हा कधी तपासायचे, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

घरी काय करता येईल?

बोलत राहा, अगदी अतिदक्षता विभागापासून. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे ३६ मुदतपूर्व बाळांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात ज्यांच्या कानावर मोठ्यांचे बोलणे अधिक पडले, त्यांचे १८ महिन्यांच्या वयातील भाषेचे गुण चांगले होते. अभ्यास छोटा आहे, पण उपाय बिनखर्चाचा आहे.

बाळाला छातीशी घेऊन बोला. अंघोळ घालताना काय चालले आहे ते सांगा. त्याने आवाज काढला की उत्तर द्या आणि क्षणभर थांबा. आता त्याची पाळी. मोबाइलवरचे कार्टून शब्द ऐकवते, पण बाळाला उत्तर देत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

करेक्टेड एजनुसार पुढील खुणा लक्षात ठेवा :

• ६ महिने : आवाजाकडे वळत नाही
• ९ महिने : नावाने हाक मारल्यावर पाहत नाही
• १२ महिने : बडबड किंवा हातवारे नाहीत
• १८ महिने : एकही अर्थपूर्ण शब्द नाही
• २ वर्षे : ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडत नाही

येत असलेले शब्द बोलणे थांबले, तर वय कोणतेही असो, लगेच दाखवा.

मदत कुठे मिळेल?

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. आशाताई किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्रे येथे वाणी व श्रवण दोषांसाठी केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. बाळ कितव्या आठवड्यात जन्मले, किती दिवस व्हेंटिलेटरवर होते, कोणती औषधे दिली, हे त्यावर असते. ते आजच शोधा आणि कानांची चाचणी झाल्याची नोंद आहे का, एवढे आधी पाहा.