घरचा ऑक्टापॅड (भाग ५) : घाव मोजायचा म्हणजे काय मोजायचं?

चैत्रात एकवीरेच्या यात्रेला कोळी-आगरी मंडळींच्या पालख्या वेहेरगावात पोचतात, तेव्हा बेंजोखाली घुमणाऱ्या ठेक्यात चामड्याचा वाटा किती आणि रबराचा किती, हे सांगणं आता अवघड झालं आहे. ऑक्टापॅड हा शब्द आपल्याकडे वाद्याचंच नाव म्हणून रुळला. मुळात ते रोलँड कंपनीच्या १९८५ सालच्या ‘पॅड-८’ या यंत्राचं नाव. गंमत अशी, की त्या पहिल्या यंत्रात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठांपैकी कुठल्या पॅडवर स्टिक पडली आणि किती जोरात, एवढीच बातमी ते मिडीच्या तारेतून दुसऱ्या यंत्राला द्यायचं. जोर सांगायला १ ते १२७ हे आकडे. घरी पॅड बनवणाऱ्यालाही एवढंच साधायचं असतं आणि नेमकं तेच फसतं. मग खापर फुटतं स्वस्त पिझोवर. माझ्या मते बिचारा पिझो आपलं काम चोख करतो. आपणच त्याला चुकीच्या क्षणी प्रश्न विचारतो.

पिझो म्हणजे पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारी ती पितळी चकती, २७ किंवा ३५ मिलिमीटरची. ती वाकली की तिच्यावरच्या सिरॅमिकच्या थरात विद्युतभार तयार होतो. घाव बसताच व्होल्टेज साधारण एखाद्या मिलिसेकंदात शिखर गाठतं आणि पुढे कितीतरी वेळ वरखाली थरथरत विरतं. टाळ वाजल्यावर त्याची कड बोटांना झणझणत राहते, तसंच. हे व्होल्टेज वाचणाऱ्या आर्डुइनो उनो या बोर्डाला एक वाचन घ्यायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. नवशिक्याचा प्रोग्रॅम उंबरठा ओलांडणारं पहिलं वाचन पकडतो आणि तोच जोर म्हणून पाठवून मोकळा होतो. पण तो आकडा चढणीवरचा आहे, माथ्याचा नाही. वाचन चढणीच्या कुठल्या पायरीवर पडलं हा निव्वळ योगायोग, म्हणून सारख्याच जोराचे दोन घाव कधी दबके, कधी दणदणीत निघतात. उंबरठा ओलांडल्यावर दीड-दोन मिलिसेकंद थांबून त्यातलं सर्वांत मोठं वाचन घेतलं, की हा लहरीपणा बराचसा जातो. आठ पॅड एकाच बोर्डावर असतील तर मात्र प्रत्येकाची पाळी ८०० मायक्रोसेकंदांनी येते आणि शिखर मधल्या मध्ये निसटतं. तिथे थोडी अचूकता सोडून वाचनाचा वेग वाढवणं परवडतं. वाचनाच्या १०२३ पायऱ्यांमधून शेवटी १२७च तर उरणार आहेत.

थांबायचं म्हटलं की वादक भुवया उंचावतो: आवाज मागे पडेल ना? हिशेब करू. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन मिलिसेकंदांची वाट म्हणजे स्पीकर जेमतेम पाऊण मीटर मागे सरकवणं. मिरवणुकीत तो तीन मीटरवर असतो, म्हणजे नऊ मिलिसेकंदांचा उशीर वादकाने आधीच पचवलेला असतो. खरी दिरंगाई बहुधा आवाज काढणाऱ्या मोबाइलात किंवा लॅपटॉपात असते. ती सोडून इथले दोन मिलिसेकंद वाचवणं म्हणजे हत्ती गेला आणि शेपटासाठी भांडण.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मिरवणुकीत सगळेच जीव तोडून बडवतात, तिथे जोराचे बारकावे हवेत कुणाला? पण जीव तोडून वाजवतानाही ठेक्यातली सम आणि मधली भरणी सारखी पडत नाही. पडली तर ठेका टाइपरायटरसारखा ऐकू येतो. आणि याच वरच्या टोकाला घरच्या पॅडची दैना असते. बोर्ड जळू नये म्हणून लावलेला ५.१ व्होल्टचा झेनर डायोड त्यावरचं सगळं छाटतो. मोठा घाव आणि त्याहून मोठा घाव, दोन्ही १०२३च. छाटलेलं शिखर कुठलाही प्रोग्रॅम परत आणू शकत नाही. म्हणून सर्वांत जोरदार घाव झेनरच्या खाली बसेल इतका सिग्नल आधीच रेझिस्टरने उतरवावा आणि हलक्या घावांना प्रोग्रॅममधल्या वक्राने वर उचलावं.

थांबण्याने सगळंच सुटतं असा माझा दावा नाही. पिझो जोर मोजत नाही, स्वतःचं वाकणं मोजतो. त्यामुळे चकतीच्या डोक्यावर पडलेला घाव कडेच्या घावापेक्षा मोठा दिसतो. त्याला उपाय चकती आणि रबर यांच्यामधल्या फोमचा. दमटपणाचीही शंका रास्त आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि ओलसर पृष्ठभागावरून पिझोचा भार गळतो. पण चकतीला समांतर १ मेगाओमचा रेझिस्टर असेल, तर ओलीने केलेली २० मेगाओमची गळतीसुद्धा एकूण रोध पाचेक टक्क्यांनीच घटवते. तो रेझिस्टर नसेल, तर पॅडचा स्वभाव आषाढात एक आणि वैशाखात दुसरा. फोमचं तसं नाही. उशीतला स्पंज पाणी पितो आणि जड होतो. चपलांच्या तळव्यात असतो तो ईव्हीए फोम पीत नाही. पुढच्या आठवड्यात पॅडचे थर रचताना सुरुवात त्याच्यापासून करू.