व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी ताकद आणि लवचिकतेचा सराव: घरी काय करावे, योजनांतून काय मिळते

तुमची मुलगी शाळेच्या व्हॉलीबॉल संघात असेल, तर तिचा सराव बहुधा चेंडूचाच होत असेल: सर्व्हिस, पास, स्मॅश. शरीर तयार करण्याचा वेगळा सराव अनेक शाळांत होत नाही. महिलांच्या सामन्यात नेट २.२४ मीटर उंच असते. त्यावरून स्मॅश मारायला आणि ब्लॉक करायला एकाच दिवसात कितीतरी उड्या माराव्या लागतात. प्रत्येक उडीनंतर खाली उतरावे लागते आणि गुडघ्याची गंभीर दुखापत अनेकदा त्याच क्षणी होते. उड्यांच्या खेळांत गुडघ्यातील लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळते. शस्त्रक्रिया करावी लागली तर खेळाचे जवळजवळ एक वर्ष जाते. हा धोका सरावाने कमी करता येतो आणि त्यासाठी जिमची गरज नाही.

ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते का?

नाही. योग्य पद्धतीने आणि देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने मुलींची वाढ थांबत नाही. त्यांचे शरीर पुरुषी होईल ही भीतीही निराधार आहे. पाळी चालू असतानाही मुलीला बरे वाटत असेल तर व्यायाम करता येतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू बळकट करणाऱ्या हालचाली करण्यास सांगते.

आधी उतरायला शिका

मुलीला जागेवर उडी मारून उतरायला सांगा आणि समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. उतरताना तिचे गुडघे एकमेकांकडे आत वळतात का, ते पाहा. वळत असतील, तर उंच उड्यांचा सराव काही आठवडे कमी ठेवा आणि आधी उतरणे सुधारा. दोन्ही पाय एकदम टेकावेत, आधी चवडा, मग टाच. गुडघे आणि कंबर वाकलेली असावी, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहावेत. धप्प असा आवाज आला, तर ती ताठ पायांनी उतरते आहे असे समजा. सिमेंटच्या अंगणापेक्षा मऊ मातीवर हा सराव करावा. रोज १० ते १५ उड्या पुरेशा आहेत, मात्र प्रत्येक उडी नीट असली पाहिजे.

याबरोबर आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम करावेत. अर्ध्या बैठका, एक पाय पुढे टाकून खाली वाकणे, पाठीवर झोपून कंबर वर उचलणे, टाचा उचलणे, प्लँक आणि गुडघे टेकवून जोर. प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या; प्लँक २० सेकंदांपासून सुरू करावा. खांद्यासाठी सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा. कोपर कमरेला चिकटवून ट्यूब बाहेरच्या बाजूला हळू ओढावी. बाजारातल्या रबरी पट्ट्याही हेच काम करतात. हे सर्व सहज जमू लागल्यावरच वजनाचा विचार करावा आणि तोही प्रशिक्षकासमोर.

लवचिकतेसाठी एकच गोष्ट लक्षात ठेवावी. खेळाआधी हलते व्यायाम: हळू धावणे, पाय झुलवणे, हात फिरवणे, साधारण १० मिनिटे. ताणून धरण्याचे व्यायाम खेळानंतर. मांडी, पोटरी, कंबर आणि खांदा प्रत्येकी २० ते ३० सेकंद, झटके न देता. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात स्नायू आखडतात आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखू शकते. अशा वेळी उड्या कमी कराव्यात. सूज आली किंवा मुलगी लंगडू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलगी लवकर दमते का?

सराव करूनही दम लागत असेल, तर "आळस करते" असे म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. १२ वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. रक्तच कमी असेल, तर नुसत्या व्यायामाने ताकद वाढत नाही.

अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी आठवड्यातून एकदा मोफत दिली जाते. शाळेत जाणाऱ्यांना शाळेत, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळीही मिळते. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरू नये. रक्तक्षय असल्याचे निदान झाले, तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. आरोग्य केंद्रातून उपचार घ्यावेत. पाळी सलग तीन महिने आली नाही, तरीही तिथे जावे. पावडरच्या महागड्या डब्यांवर खर्च करण्याआधी डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध आणि हिरव्या भाज्यांवर लिंबू एवढे तिच्या ताटात येते का, ते पाहा.

शाळेकडून काय मागता येते?

समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांना क्रीडा साहित्यासाठी दरवर्षी अनुदानाची तरतूद आहे: प्राथमिक ५,०००, उच्च प्राथमिक १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना २५,००० रुपयांपर्यंत. चेंडू आणि नेटबरोबर दोरीउड्यांच्या दोऱ्या, चटया आणि रबरी पट्ट्या घ्याव्यात, असे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सुचवा. पालक त्या समितीचे सदस्य असतात.

खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत चौथीपासून पुढच्या मुलींसाठी बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम, गुडघे टेकवून जोर, ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे असते. मुलीचे आकडे शाळेकडून मागून वहीत लिहून ठेवा. चार महिन्यांनी पुन्हा मोजले, की सराव लागू पडतो आहे का ते कळते.

पुढे खेलो इंडिया योजनेत निवड झाली, तर खेळाडूला दरमहा १०,००० रुपये भत्ता मिळतो. प्रशिक्षण, निवास आणि आहाराचा खर्च वेगळा. निवड स्पर्धेतील कामगिरी आणि चाचणीवर होते. निवड करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका. जिल्हा क्रीडा कार्यालयात तक्रार करा. चाचण्यांच्या तारखाही तिथेच विचाराव्यात. जाताना मुलीचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे जवळ ठेवा.